संगणक उघडतानाचा पडदा

विषय ऐकून दोघातिघांनी आम्हाला घाटावरच अडवलं. ‘सर, तत्त्वज्ञान सोडलं काय?’ सोडलेलं नाही. आज लिनक्स सुरू होताना जे चित्र दिसतं, त्याची समीक्षा करायची आहे, आणि आरोपींत आम्हीही आहोत.

ऑगस्ट 2019 चा पूर इथं कुणाला सांगायला नको. दक्षिणद्वाराच्या वेळी उत्तरेकडून आत आलेलं पाणी पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, तो आपला सोहळा. पण त्या वर्षी पाणी सोहळ्यापाशी थांबलं नाही. एका छोट्या वाचनालयाचा संगणक आम्ही आधीच माडीवर नेला होता. कागदी नोंदवह्या मात्र खालीच राहिल्या आणि भिजल्या. पाणी ओसरलं. वीज आली, गेली, परत आली. संगणक लावला तेव्हा पडद्यावर घाटाचं सुंदर चित्र आलं आणि खालची पट्टी निम्म्याच्या पुढं येऊन थांबली. वीस मिनिटं आम्ही बघत बसलो. शेवटी बटण दाबून धरलं.

आत त्या वेळी डिस्कची तपासणी-दुरुस्ती चालू होती. सभासदांच्या नोंदींची फाईल त्यानंतर उघडली नाही. वीज जाण्याचा दोष किती आणि आमच्या बोटाचा किती, याचा हिशेब लागणार नाही. पण ते घाटाचं चित्र आम्हीच हौसेनं बसवलेलं होतं.

आता हा पडदा आला कुठून? पूर्वी लिनक्स सुरू होताना काळ्यावर पांढऱ्या ओळी धावायच्या. त्यांनी नवखा माणूस घाबरतो, म्हणून त्या झाकायच्या युक्त्या निघाल्या. रेड हॅटची जुनी युक्ती तर त्यासाठी अख्खा एक्स सर्व्हर लवकर उठवायची. 2008 मध्ये फेडोरा 10 सोबत प्लायमथ आलं. कर्नलनंच पडद्याचं रिझोल्यूशन लवकर ठरवायचं, म्हणजे मधे लुकलुक नको. 2010 च्या उबुंटू 10.04 नं तेच घेतलं. कारागिरी म्हणून काम चोख आहे, यात वाद नाही.

वेदान्तात मायेच्या दोन शक्ती सांगतात: आवरण आणि विक्षेप. एक असलेलं झाकते, दुसरी नसलेलं दाखवते. कर्नलला ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द देतात ना, ते बघा: पहिला ओळी गप्प करतो, दुसरा चित्र उभं करतो! उपमा फार ताणू नये, पण पट्टीच्या बाबतीत ती नेमकी लागू पडते. लोकांना वाटतं पट्टी म्हणजे झालेल्या कामाचं माप. तसं नाही. मागच्या वेळी सुरू व्हायला किती वेळ लागला, याची नोंद प्लायमथ ठेवतं आणि तिच्यावरून आजचा अंदाज बांधतं. म्हणजे हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान. काल सूर्य उगवला म्हणून उद्याही उगवेल हे कशावरून, असं ह्यूमनं विचारलं होतं. आमची पट्टी त्याच भरवशावर चालली होती. रोज चालतेही. ज्या दिवशी डिस्क तपासावी लागते, त्या दिवशी कालचा दाखला कामाचा राहत नाही. आणि खरी माहिती त्याच दिवशी हवी असते.

पण सगळं खापर प्लायमथवर फोडणं अन्याय होईल. एस्केप दाबलं की पडदा बाजूला होतो आणि ओळी दिसतात. शिवाय उबुंटूत तपासणी किती झाली हे पडद्यापर्यंत पोचवायची सोय आहे. आमच्या थीमची स्क्रिप्ट पुन्हा वाचली तेव्हा उमगलं: चित्र होतं, पट्टी होती, पण आलेला संदेश दाखवणारं फंक्शनच लिहिलेलं नव्हतं. निरोप दारापर्यंत आला आणि आम्ही दार ठेवलंच नव्हतं.

चाचणी आम्ही केली होती हो! टर्मिनलमधून प्लायमथचा डिमन उठवला, ‘शो-स्प्लॅश’ दिलं, चित्र आलं, टाळ्या झाल्या, ‘क्विट’. ही देखाव्याची चाचणी झाली. ‘डिस्प्ले-मेसेज’नं एखादं वाक्य पाठवून बघायचं, ‘आस्क-फॉर-पासवर्ड’नं चौकट उमटते का बघायचं, हे राहिलं. कूटबद्ध डिस्क असेल आणि चौकटच नसेल, तर यंत्र पासवर्डची वाट बघतं आणि माणूस यंत्राची. शिवाय थीम बदलल्यावर इनिटरॅमएफएस पुन्हा बांधावं लागतं. नाही बांधलं तर चाचणीत नवा पडदा आणि उघडताना जुनाच.

मराठीची अडचण तर वेगळीच. सुरुवातीच्या त्या चिमुकल्या फाईल सिस्टिममध्ये देवनागरी फॉन्ट मुद्दाम घातला नाही, तर अक्षरांऐवजी चौकोन येतात. फॉन्ट असला तरी भागत नाही. अक्षरं जुळवणारी पँगोसारखी लायब्ररी नसेल, तर ‘डिस्क’मधली ऱ्हस्व वेलांटी ‘ड’च्या पलीकडं जाऊन बसते आणि ‘स’चा पाय मोडलेला राहतो. ज्यांनी ही यंत्रणा रचली त्यांच्या लिपीत वेलांट्या नाहीत, म्हणून त्यांना हे दिसलं नाही. आमच्या लिपीत आहेत, तरी आम्ही बघितलं नाही.

शेवटी आम्ही गावठी उपाय केला. ‘डिस्क तपासणे चालू आहे, बटण दाबू नका’ हे वाक्य अक्षरांत न ठेवता त्याचं पीएनजी चित्र करून टाकलं, आणि तपासणीचा निरोप आला की ते दाखवायचं, एवढं स्क्रिप्टमध्ये घातलं. तळाशी ‘तपशिलासाठी एस्केप दाबा’ हे दुसरं चित्र. घाटाचं चित्र काढून टाकावं असं आमच्या मनात होतं, पण वाचनालयाच्या मुलांनी ऐकलं नाही. ते आहे अजून, थोडं लहान करून वरच्या कोपऱ्यात.

आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मागं ऐकू येत नसेल तर पुढं येऊन बसा.