रचनाकाराचे रंगरूप : ‘कट्यार काळजात घुसली’ आणि ‘अमेडियस’ यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

चित्रकाराचे चित्र रंगमंचावर मांडता येते, कवीची कविता नटाच्या तोंडी घालता येते. परंतु संगीत रचणाऱ्या कलावंताचे चरित्र उभे करताना नाटककारापुढे वेगळीच अडचण उभी राहते. रचना सुचण्याची क्रिया मनात घडते. ती प्रेक्षकाला दिसत नाही आणि रचना प्रत्यक्ष वाजल्याखेरीज तिचे मोलही कळत नाही. म्हणून रचनाकारावरील नाटकात संगीत हे पार्श्वभूमीपुरते राहू शकत नाही. त्याला पात्राइतकेच स्थान द्यावे लागते. हे स्थान दोन भिन्न संगीतपरंपरांतील नाटकांनी कसे दिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) आणि पीटर शॅफर यांचे ‘अमेडियस’ (१९७९) ही दोन नाटके निवडली आहेत.

‘रचनाकार’ या संज्ञेची व्याप्ती

‘कट्यार’ हे गायकांचे नाटक आहे, रचनाकाराचे नव्हे, असा आक्षेप येथे संभवतो. तो पाश्चात्त्य संगीतातील श्रमविभागणी गृहीत धरणारा आहे. तेथे रचनाकार स्वरलिपी लिहितो व वादक ती वाजवितात. भारतीय परंपरेत ही विभागणी इतकी काटेकोर नाही. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात वाग्गेयकाराची लक्षणे सांगितली. शब्द आणि गेय या दोहोंचा कर्ता तो वाग्गेयकार. पुढे ख्यालगायनात बंदिश ही रचनेचे बीज ठरली आणि तिची बढत गायकाने त्या त्या मैफलीत करावयाची, अशी रीत रूढ झाली. म्हणजे रचनेचा एक अंश पूर्वसिद्ध असतो व दुसरा श्रोत्यांसमोर घडत असतो. या अर्थाने ख्यालगायक हा अंशतः रचनाकारच होय.

‘अमेडियस’मधील वाद्यवृंद

‘अमेडियस’ प्रथम १९७९ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरने रंगमंचावर आणले. सालिएरीने मोझार्टचा घात केला, या अफवेवर पुश्किनने १८३० मध्येच एक छोटी नाट्यकृती लिहिली होती. इतिहासाचा तिला आधार नाही आणि शॅफर यांनीही चरित्रलेखनाचा दावा केलेला नाही. त्यांना रस आहे तो एका प्रश्नात : साधना, सचोटी आणि दरबारी मान हे सारे पदरी असणाऱ्या सालिएरीला जे मिळाले नाही, ते एका उच्छृंखल तरुणाला ईश्वराने का द्यावे?

या नाटकातील दोन प्रसंग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिल्यात सालिएरीने स्वागतासाठी लिहिलेली एक साधी कूच मोझार्ट सहज वाजवून पाहतो, तीत एक-दोन फेरफार करतो आणि पाहता पाहता तिचे रूपांतर ‘फिगारो’ या ऑपेरातील प्रसिद्ध गीताच्या चालीत होते. प्रतिभा म्हणजे काय, यावरील भाषणे येथे अनावश्यक ठरतात. सामान्य आणि असामान्य यांतील अंतर प्रेक्षकाच्या कानावरच पडते. दुसऱ्या प्रसंगात सालिएरी मोझार्टची हस्तलिखिते वाचतो. तो मुकाट्याने कागद पाहतो आणि प्रेक्षकाला मात्र वाद्यवृंद ऐकू येतो. वाद्यवृंद येथे सालिएरीच्या मनाचे काम करतो.

२०१६ मध्ये नॅशनल थिएटरनेच मायकेल लाँगहर्स्ट यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक पुन्हा उभे केले, तेव्हा साउथबँक सिन्फोनिया हा वाद्यवृंद प्रत्यक्ष रंगमंचावर आणला गेला. वादक नटांमध्ये मिसळून वावरत होते. यामुळे सालिएरीला छळणारे संगीत अदृश्य न राहता त्याला वेढणारा देहधारी समूह झाले. मात्र याही प्रयोगात मोझार्टची भूमिका करणारा नट आणि मोझार्टचे संगीत वाजविणारे वादक वेगवेगळेच राहिले. लिखित रचनेच्या परंपरेत हे स्वाभाविक आहे. रचना एकदा लिहिली गेली की ती रचनाकाराच्या देहापासून सुटते.

‘कट्यार’मधील गळा आणि कान

‘कट्यार’मध्ये याच्या नेमके उलट घडते. पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या घराण्यांतील संघर्ष हा या नाटकाचा गाभा. पंडितजींचा शिष्य सदाशिव खाँसाहेबांची विद्या मिळवू पाहतो आणि खाँसाहेब ती देण्यास तयार नाहीत. सालिएरी मोझार्टचे कागद वाचू शकतो. सदाशिवाला वाचण्यासारखे काहीच उपलब्ध नाही. त्याला आडून ऐकावे लागते. मौखिक परंपरेत विद्येचे एकमेव दार म्हणजे कान, आणि ते बंद करण्याचा अधिकार गुरूकडे असतो. ‘अमेडियस’ हे प्रतिभा कोणाला मिळते, असे विचारते; ‘कट्यार’ मिळालेली विद्या कोणाच्या मालकीची, असे विचारते. दोन्ही प्रश्न आपापल्या संगीतपद्धतीच्या पोटातून आले आहेत.

या नाटकात संगीताचा पुरावा नटाच्या गळ्यातूनच द्यावा लागतो. वसंतराव देशपांडे यांनी खाँसाहेबांची भूमिका केली, तेव्हा खाँसाहेबांचा अभिमान, आक्रमकता आणि एकाकीपण हे तानेतून व्यक्त झाले. वसंतरावांना लाहोरच्या असद अली खाँ यांची तालीम मिळालेली होती आणि त्यांच्या गायकीतील तो वेगळा अंग भूमिकेचाच भाग बनला. पंडितजींच्या भूमिकेतील भार्गवराम आचरेकर आणि सदाशिवाच्या भूमिकेतील प्रसाद सावकार हेही गाणारे नट होते. अखेरीस खाँसाहेबांच्या कट्यारीपेक्षा सदाशिवाचे गाणे प्रभावी ठरते. हे गाणे त्या क्षणी प्रेक्षकांना पटले नाही, तर नाटकाचा शेवटच पटणार नाही. नाट्यपरिणामाचा एवढा भार एका गळ्यावर टाकणारी रचना जागतिक रंगभूमीवरही सहसा आढळत नाही.

२०१५ मध्ये सुबोध भावे यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. चित्रपटात खाँसाहेबांचा देह सचिन पिळगांवकर यांचा आणि शास्त्रीय गायनाचा स्वर प्रामुख्याने राहुल देशपांडे यांचा आहे. चित्रपट लोकप्रिय झाला व नव्या पिढीला या संगीताची गोडी लागली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि, गाणाऱ्याच्या श्रमाचा जो पुरावा रंगमंचावर समोर उभा असतो, तो पार्श्वगायनात शिल्लक राहत नाही. ‘अमेडियस’चा मिलोश फोरमन यांनी १९८४ मध्ये केलेला चित्रपट ध्वनिमुद्रित संगीतामुळे तितका उणा होत नाही, कारण मुळातच तेथे देह आणि ध्वनी विभक्त आहेत.

उपेक्षित राहिलेली बाजू

येथे ‘कट्यार’ची एक मर्यादाही नोंदवावयास हवी. देह आणि स्वर एक झाल्याने गायक ठसठशीत होतो, परंतु रचना बांधणारा मागे पडतो. दोन घराण्यांच्या गायकीतील भेद प्रेक्षकाला ऐकू येतो, तो जितेंद्र अभिषेकी यांनी दोन भिन्न स्वभावांच्या चाली बांधल्या म्हणून. एका संगीतकाराने दोन कल्पित परंपरांच्या वतीने रचना केल्या, ही या नाटकातील मोठी सर्जनात्मक कामगिरी होय. मात्र नाटकाच्या कथेत बंदिश ही वारशाने आलेली ठेव म्हणूनच वावरते. कूचेच्या प्रसंगात मोझार्टची रचना जशी घडताना दिसते, तशी बंदिश येथे घडताना दिसत नाही.

ही उपेक्षा एका नाटकापुरती नाही. ‘स्वयंवर’ (१९१६) या खाडिलकरांच्या नाटकाला भास्करबुवा बखले यांनी संगीत दिले. यमन, बिहाग, भीमपलास यांसारख्या रागांना त्यांनी नाट्यपदात आणले. तरीही ही पदे रसिकांच्या स्मरणात मुख्यतः बालगंधर्वांची म्हणून राहिली. वस्तुतः भास्करबुवांचे आयुष्य (१८६९–१९२२) हे नाट्यविषय म्हणून सदाशिवाच्या कथेहून उणे नाही. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तीन भिन्न परंपरांच्या गुरूंकडून त्यांनी विद्या मिळविली. १९११ मध्ये पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. आणि घराण्यांत जपलेली विद्या नाटकाच्या वाटेने सामान्य प्रेक्षकापर्यंत नेली. ज्या प्रश्नावर ‘कट्यार’ उभे आहे, त्याला भास्करबुवांनी पन्नास वर्षे आधी कृतीने उत्तर दिले होते.

आजचा संदर्भ

शंभराव्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचा जानेवारी २०२४ मधील सोहळा पिंपरी-चिंचवडमध्ये झाला. कारखान्यांच्या या नगरात पिंपरीचे आचार्य अत्रे रंगमंदिर, चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह यांसारखी नाट्यगृहे आहेत. परंतु नाट्यगृह असणे आणि संगीत नाटकाला साथसंगत मिळणे या भिन्न गोष्टी होत. निर्मितीखर्चात काटछाट करावयाची झाल्यास ऑर्गनवादक व तबलजी यांच्या जागी ध्वनिमुद्रण वापरण्याचा मोह होणे साहजिक आहे. वरील विवेचन पाहता ‘कट्यार’सारख्या नाटकात ही काटकसर आशयावरच घाला घालणारी ठरेल. फिरोदिया करंडकासारख्या स्पर्धेत महाविद्यालयीन विद्यार्थी नाट्य, संगीत, नृत्य, चित्र अशा अनेक कला एकाच प्रयोगात आणतात. रचना घडताना दाखविण्याचे प्रयोग येथे अल्प साधनांत होऊ शकतात, आणि त्यासाठी विद्यार्थ्यांसमोर विषय ठेवण्याचे काम प्राध्यापकवर्ग करू शकतो.

निष्कर्ष

१. रचनाकारावरील नाटकात प्रत्यक्ष संगीत हे अलंकरण नसून युक्तिवादाचे साधन असते.

२. लिखित परंपरेत वाद्यवृंद रचनाकाराच्या मनाचे प्रतिनिधित्व करतो. मौखिक परंपरेत ते काम गाणाऱ्या नटाच्या गळ्याकडे येते. म्हणून एकीची रंगतंत्रे दुसरीत जशीच्या तशी उचलता येणार नाहीत.

३. मराठी संगीत रंगभूमीने गायकाचे चित्रण समर्थपणे केले; रचना घडविणाऱ्याचे चित्रण तुलनेने दुर्लक्षित राहिले.

४. भास्करबुवा बखले यांच्यासारख्या रचनाकाराचे नाट्यचरित्र केवळ पूर्वप्रसिद्ध पदांचा कार्यक्रम होऊ नये, असे वाटत असल्यास चाल बांधली जाण्याचा क्षण रंगमंचावर ऐकविण्याचे आव्हान नाटककार, संगीतकार आणि नट यांनी एकत्रितपणे स्वीकारले पाहिजे. गाणारा नट आणि साथीदार एकाच वेळी समोर असण्याची परंपरा मराठी रंगभूमीला १८८० च्या ‘शाकुंतला’पासून लाभलेली आहे, या कामासाठी लागणारे मुख्य साधन त्यामुळे तिच्यापाशी आधीपासूनच आहे.