अस्थिकर्करोगातील प्रथिनसूचक आणि पूर्वानुमान : एक चिकित्सा

ऑस्टिओसार्कोमा हा प्रामुख्याने किशोरवयात, बहुधा गुडघ्याजवळच्या हाडात उद्भवणारा कर्करोग होय. शस्त्रक्रियेच्या जोडीला रसायनोपचार आल्यापासून, निदानसमयी रोग अन्यत्र पसरलेला नसल्यास सुमारे दोनतृतीयांश रुग्ण दीर्घकाळ जगतात. उरलेले कोण, हे आधी कळावे यासाठी गाठीतील प्रथिनांवर विपुल संशोधन झाले. निष्कर्षांची बळकटी मात्र त्या प्रमाणात वाढलेली नाही.

'एचईआर-२' या प्रथिनाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९९९ मध्ये रिचर्ड गोर्लिक व सहकाऱ्यांनी हे प्रथिन अधिक असलेल्या रुग्णांचे पूर्वानुमान प्रतिकूल असल्याचे नोंदविले. स्तनाच्या कर्करोगासाठी याच प्रथिनावरील ट्रास्टुझुमॅब हे औषध आदल्याच वर्षी मान्य झाले होते. त्यामुळे आशा वाढणे स्वाभाविक होते. परंतु पुढील काही अभ्यासांत प्रथिन पेशीपटलावर आढळलेच नाही. रंग दिसला तो पेशीद्रवात. म्हणजे मतभेद केवळ आकड्यांचा नव्हता, 'सकारात्मक' कशास म्हणावे याचाच होता. शिवाय हाडाचा नमुना कापण्यापूर्वी बहुधा आम्लात मऊ करावा लागतो आणि त्यात प्रथिनाची रचना बिघडू शकते. शोधनिबंधातील तक्ते वाचताना ही गोष्ट सहज विसरली जाते.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोग पसरलेल्या ९६ रुग्णांपैकी ४१ 'सकारात्मक' ठरले व त्यांना रसायनोपचारासह ट्रास्टुझुमॅब दिले गेले. तीस महिन्यांनंतर रोग न बळावलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत ३२ टक्केच होते. याचा अर्थ काय लावावा? औषधाने दुर्बल गटास बरोबरीस आणले, की तो गट मुळात दुर्बल नव्हताच? सकारात्मक रुग्णांत औषधाविना असा तुलनागट नसल्याने प्रश्न अनुत्तरित राहिला. येथे डॉक्सोरुबिसिनप्रमाणेच ट्रास्टुझुमॅबही हृदयास अपायकारक ठरू शकते, हे ध्यानात घ्यावयास हवे. २०१४ मध्ये खुद्द गोर्लिक यांच्याच सहभागाने झालेल्या अभ्यासात या प्रथिनाचा पूर्वानुमानाशी संबंध आढळला नाही. आपलाच निष्कर्ष पुन्हा तपासण्याची ही वृत्ती या क्षेत्रात विरळाच.

पी-ग्लायकोप्रोटीनचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. हे प्रथिन डॉक्सोरुबिसिन पेशीबाहेर फेकते. १९९५ मधील इटालियन अभ्यासाने ते प्रतिकूल ठरविले. पण २००३ च्या एकत्रित विश्लेषणात रसायनोपचाराच्या प्रतिसादाशी त्याचा संबंध दिसला नाही. ज्या यंत्रणेच्या आधारे सूचक मांडला, नेमक्या तिथेच तो डळमळला. सूचक-संशोधनाच्या वृत्तांकनासाठी २००५ मध्ये 'रिमार्क' हे निकष आले, ते अशाच अनुभवांतून.

पूर्वानुमानासाठी आजही भरवसा आहे तो रोगाचा प्रसार, गाठीचे स्थान व आकार, आणि रसायनोपचारानंतर मृत झालेल्या पेशींचे प्रमाण (९० टक्के ही रूढ सीमा) यांवरच. तथापि सूचक खरा असला तरी तो उपचार सुचवीलच असे नाही. युरामॉस-१ चाचणीत अल्प प्रतिसाद असलेल्या ६१८ रुग्णांपैकी निम्म्यांना जादा औषधे देण्यात आली. २०१६ च्या अहवालानुसार निकाल सुधारला नाही, विषाक्तता तेवढी वाढली.