उद्यमवृत्तीचें माप

सेवाव्यवसायांतील व्यवस्थापकांची उद्यमवृत्ति मोजूं पाहणारें जें लेखन अलीकडे प्रसिद्ध होतें, त्यांतील बरेंचसें एकाच मापावर विसंबून असतें. कोविन व स्लेविन या अमेरिकन लेखकद्वयानें तें १९८९ सालीं मांडलें. डॅनी मिलर यांनीं १९८३ सालीं सांगितलेले नवनिर्मिति, जोखीम व पुढाकार हे तीन गुण त्याचा पाया होत. परस्परविरुद्ध विधानांच्या ९ जोड्या, प्रत्येक जोडींत ७ पायऱ्या. अधिकाऱ्यानें आपली पायरी दाखवावयाची, आणि त्या आंकड्यांची सरासरी म्हणजे त्याच्या संस्थेची उद्यमवृत्ति! माप सुटसुटीत आहे, तुलनेस सोईचें आहे, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों.

परंतु तें पारखलें गेलें १६१ लहान कारखान्यांवर. कारखान्यांत नवा माल निघाला कीं तो वखारींत दिसतो. उपाहारगृहांत किंवा पेढींत नवेपणा बहुधा वागणुकींत असतो. तो घडतां घडतांच संपतो. पांच वर्षांत किती नवे प्रकार काढले, असें विचारल्यास तेथील चतुर व्यवस्थापकहि 'एकहि नाहीं' असें प्रामाणिकपणें सांगेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माप संस्थेचें, निष्कर्ष मात्र माणसाच्या मनाविषयीं! पाहुण्याची अडचण निवारण्यासाठीं वरिष्ठांस न विचारतां २,००० डॉलरपर्यंत खर्च करण्याची नोकरांस मुभा देणारी रिट्झ-कार्लटन हॉटेलांची पद्धत प्रसिद्धच आहे. अशी मुभा असलेला व्यवस्थापक आणि प्रत्येक रुपयासाठीं मुख्य कचेरीच्या तोंडाकडे पाहणारा व्यवस्थापक, यांचे आंकडे भिन्न येणारच. त्यावरून एक धाडसी व दुसरा भित्रा, असें कसें म्हणावें? येथें मोजली गेली ती वृत्ति नव्हे, मुभा. लंपकिन व डेस यांनीं १९९६ सालीं स्वायत्ततेस निराळें स्थान दिलें, तें म्हणूनच आम्हांस महत्त्वाचें वाटतें.

याहून जुनी एक वाट अधिक विश्वसनीय होती. मॅक्लेलंड हे थेट प्रश्न न विचारतां, चित्रें पाहून रचलेल्या गोष्टींतून कर्तृत्वाची आकांक्षा शोधीत. १९६४ सालीं काकिनाड्याच्या व्यावसायिकांस शिक्षण दिल्यावर त्यांनीं पाहिलें तें हें, कीं पुढें त्या मंडळींनीं प्रत्यक्ष काय केलें. ही रीत खर्चाची व वेळखाऊ आहे खरी. पण उद्यां एखाद्याची बढती अशा आंकड्यावर अडावयाची असेल, तर त्याच्या कृतीची साक्ष काढण्याचे कष्ट परीक्षकानें घेतलेच पाहिजेत.