आडवे, उभे आणि वाकडे शब्द

विलायतेत येऊन इथल्या हवेशी, चहाशी आणि रांगेशी जमवून घेतलेले आपले कितीतरी लोक एका गोष्टीपुढे हात टेकतात. ती म्हणजे वर्तमानपत्रातले क्रिप्टिक क्रॉसवर्ड. इंग्रजी उत्तम, हुद्दा मोठा, मुले इथल्याच शाळांत शिकलेली. पण ट्रेनमध्ये शेजारचे आजोबा पेन्सिल चावत, मधूनच स्वतःशी हसत त्या चौकटी भरू लागले की आपण निमूटपणे सुडोकू काढतो. आकड्यांना गाव आणि शाळा नसते. शब्दांना असते.

या कोड्यांबद्दल आपल्या मंडळींत दोन मते हमखास ऐकू येतात. एक, हा रिकामटेकड्यांचा पोरखेळ आहे. दोन, असले काही मराठीत होणे शक्य नाही. दोन्ही मते तपासून घेण्यासारखी आहेत. दुसरे तर जास्तच, कारण त्यात मराठीविषयी एक गैरसमज आहे आणि थोडे सत्यही आहे.

आधी या खेळाची रीत. साध्या शब्दकोड्यात क्लू म्हणजे उत्तराचा अर्थ, बस्स. क्रिप्टिक क्लूमध्ये उत्तर दोनदा सांगितलेले असते: एकदा अर्थाने आणि एकदा अक्षरांच्या कारागिरीने. अर्थ नेहमी वाक्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी असतो, उरलेल्या शब्दांत कारागिरी. या दोहोंना जोडून जे वाक्य तयार होते ते मात्र तिसऱ्याच कशाबद्दल बोलत असते, आणि तिथेच आपण फसतो. 'फ्लॉवर' म्हटले की आपण फूल शोधायला निघतो. कोडेकाराला हवी असते नदी, कारण जी 'फ्लो' होते, वाहते, ती फ्लॉवर! क्रिकेटमधला 'डक' म्हणजे शून्य, म्हणून इंग्रजी 'ओ' हे अक्षर. 'मेडन' म्हणजे धावफलकावरचा 'एम'. क्रिकेट आपल्याला येतेच. शिवाय नान, राज, राणी, आग्रा, गोवा ही आपली मंडळी या चौकटींत सारखी येत असतात, तेव्हा अगदीच परक्या घरात आलो असे वाटायचे कारण नाही. बायबल आणि लॅटिन जिथे लागते तिथे मात्र आपण अडतो, आणि इथली आजची तरुण मुलेही अडतात.

इंग्रजी उदाहरण मुद्दाम देत नाही. 'लिसन' म्हणजे ऐक आणि 'सायलेंट' म्हणजे गप्प, या दोन इंग्रजी शब्दांची सहाही अक्षरे तीच आहेत, फक्त क्रम निराळा. पण हे नागरीत लिहिले की गंमत नाहीशी होते. म्हणून हा घ्या घरचाच नमुना:

आनंद सराफाच्या पोटात दडलेला सोने लुटण्याचा दिवस (३)

वाचताना डोळ्यांपुढे कोण येतो? आनंद नावाचा कुणी सोनार, मनात काहीतरी काळेबेरे. आता 'पोटात दडलेला' हे शब्द अक्षरशः घ्या. 'आनंद सराफाच्या' या अक्षरांच्या पोटात पाहा: आ-नं-द-स-रा-फा-च्या. मधली तीन अक्षरे सलग वाचा. दसरा! आणि सोने लुटण्याचा दिवस कोणता, हे मराठी माणसाला सांगायला नको. नुसते 'दसरा' ओळखले तर निम्मेच काम झाले. उरलेले निम्मे म्हणजे हे उत्तर का, हे प्रत्येक शब्दाचा हिशेब देऊन सांगता येणे. अनुभवी लोक उत्तरापेक्षा या फोडीवर जास्त वेळ वाद घालतात, आणि बरोबर करतात.

अशी कोडी इंग्लंडमध्ये कशी रुजली त्याची हकिगत मोठी आहे, थोडक्यात सांगतो. पहिले क्रॉसवर्ड न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या पत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी आले. ते करणारा आर्थर विन मूळचा लिव्हरपूलचा. 'टाइम्स'ने बरेच नाक मुरडून १ फेब्रुवारी १९३० रोजी आपले पहिले कोडे छापले. (आपले लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे, म्हणजे जवळजवळ जुळे भावंड.) पण साध्या कोड्याला वाकडे वळण लावण्याचे श्रेय दिले जाते ते एडवर्ड पॉविस मॅथर्स यांना. 'ऑब्झर्व्हर'मध्ये १९२६ पासून १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते कोडी घालत, आणि नाव घेतले होते 'टॉर्केमादा', स्पेनमधल्या धर्मन्यायाधीशाचे, जो लोकांचा छळ करी.

याच मॅथर्स यांनी १९१९ साली 'ब्लॅक मॅरिगोल्ड्स' नावाने एका संस्कृत काव्याचे स्वैर इंग्रजी रूप प्रसिद्ध केले होते. ते काव्य म्हणजे बिल्हणाची 'चौरपंचाशिका'. काश्मीरचा हा कवी अकराव्या शतकात भटकत भटकत आला तो कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या दरबारी. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण, आपल्या सीमेवरचेच. एवढ्यावरून 'क्रिप्टिक मुळात आपलेच' असे कुणी ठोकून देईल, तर कृपा करून देऊ नये. बिल्हणाचे ते काव्य प्रेमाचे आहे, कोड्याचे नाही.

कोडी आपल्याकडे होतीच, त्यासाठी बिल्हणाला राबवायची गरज नाही. दंडीने 'काव्यादर्शा'त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले. महाभारतातल्या कूटश्लोकांपाशी गणपतीची लेखणी अडे आणि तेवढ्यात व्यासांना पुढचे रचायला सवड मिळे, ही कथा आपण लहानपणी ऐकली. (पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत ती मूळ संहितेत नाही, कथा म्हणून गोड आहे.) आपल्या संतांनी कूट रचना केल्या. मोरोपंतांनी 'निरोष्ठ रामायण' लिहिले, म्हणजे ओठ न मिटता म्हणायचे. आता प, फ, ब, भ, म वर्ज्य केल्यावर रामाच्या गोष्टीत 'राम' तरी कसा म्हणायचा? कारागिरीची कमाल आहे. पण खरे सांगायचे तर ती वाचून मान डोलते, हसू येत नाही. मम्मटाने असल्या चित्रकाव्याला सर्वांत खालच्या पाटावर बसवले ते उगीच नव्हे.

मग क्रिप्टिक क्लू या पंक्तीत कुठे बसतो? माझ्या मते त्याचा पाट वेगळा मांडावा लागेल. चित्रकाव्यात कारागिरी मिरवायची असते, क्लूमध्ये ती लपवायची असते. वाक्य जितके साधे, रोजच्या बोलण्यातले, तितका क्लू चांगला. मोरोपंतांचे कौशल्य पहिल्या ओळीत कळते. चांगल्या कोडेकाराचे कौशल्य उत्तर सापडेपर्यंत कळूच नये.

लपवण्याची मर्यादा कोणती, यावर इथे दोन घराणी आहेत. 'ऑब्झर्व्हर'मध्ये टॉर्केमादांच्या जागी 'झिमेनीस' आले, म्हणजे डेरिक मॅकनट. हे क्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेतले ग्रीक-लॅटिनचे मास्तर, आणि कडकही मास्तरांसारखेच. १९६६ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी नियम घालून दिले. त्यांच्याआधी 'अफ्रित' या टोपणनावाच्या कोडेकाराने सांगितलेले तत्त्व त्यांनी उचलून धरले. तत्त्व असे की कोडेकाराने वरवर काहीही भासवावे, पण त्याच्या मनातला अर्थ त्याच्या शब्दांतून व्याकरणशुद्ध निघालाच पाहिजे. दुसरे घराणे 'गार्डियन'च्या 'अराकॅरिया'चे. हे रेव्हरंड जॉन ग्रॅहम, १९५८ पासून कोडी घालणारे पाद्री. अराकॅरिया म्हणजे मंकी पझल हे झाड. ते नियम मोडत, वाकवत, आणि सोडवणाऱ्याला हसवत. शिकावे झिमेनीसकडे आणि जीव लावावा अराकॅरियाला, असे मी म्हणेन.

पोरखेळ म्हणणाऱ्यांसाठी याच ग्रॅहम यांची एक गोष्ट. जानेवारी २०१३ मध्ये 'गार्डियन'मधल्या त्यांच्या कोड्यावर एक टीप होती: अराकॅरियाला अमुक क्रमांकाचा अमुक झाला असून त्यावर अमुक-अमुक चालू आहे. शब्दांऐवजी फक्त चौकटींचे क्रमांक. लोकांनी नेहमीसारखे चहाबरोबर कोडे सोडवायला घेतले. एकेक उत्तर भरत गेले: कॅन्सर, अन्ननलिका, पॅलिएटिव्ह केअर. एक्क्याण्णव वर्षांचा माणूस आपल्या मरणाची बातमी वाचकांना देत होता, आणि ती त्यांच्याच हातांनी त्यांच्याकडून लिहवून घेत होता. ना रड, ना उपदेश. ज्या भाषेत ही माणसे पन्नासहून अधिक वर्षे एकमेकांशी बोलली होती त्याच भाषेत निरोप. २६ नोव्हेंबर २०१३ रोजी ते गेले. मम्मटाला हे दाखवता आले असते तर त्याने पाट थोडा वर सरकवला असता, असे मला वाटते.

आता मराठीकडे. आपल्या वृत्तपत्रांतली शब्दकोडी लाखो लोक रोज सोडवतात, त्यांची चेष्टा करायची नाही. पण ती बहुतेक समानार्थी शब्दांची असतात. 'वारा (३)' असा क्लू. पवन, समीर, अनिल, मारुत: चारही तीन अक्षरी, चारही बरोबर. आडव्या शब्दाने मदत केली तर ठीक, नाहीतर अंदाज. गंमत म्हणजे या दोषाचा निवाडा आपल्याकडे साहित्यिकांनी नव्हे, सर्वोच्च न्यायालयाने केला आहे. एके काळी बक्षिसाची शब्दकोडी हा आपल्या देशात मोठा धंदा होता. मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या १९५७ च्या खटल्यात न्यायालयाने असल्या स्पर्धांना जुगार ठरवले आणि व्यवसाय म्हणून घटनेचे संरक्षण नाकारले. उत्तर कौशल्याने मिळते की नशिबाने, हा तिथला कळीचा मुद्दा. झिमेनीस मास्तरांचे म्हणणे काही वेगळे नव्हते. क्रिप्टिकची कारागिरी म्हणजे उत्तर एकच आहे याचा पुरावा; तो हातात आला की अंदाज संपतो.

मराठीत काय जमत नाही तेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. आपण एका चौकटीत एक अक्षर काना-मात्रेसह लिहितो, त्यामुळे आपले शब्द तीन-चार चौकटींचे. सात अक्षरांची उलथापालथ ५०४० प्रकारे होते, तिनाची फक्त सहा. 'गडबडीत दमत केलेले साहाय्य (३)' याचे उत्तर 'मदत' आहे हे मंडळाच्या कार्यकर्त्यांना तरी लगेच कळेल. इंग्रजीत उच्चारसाम्यावर अर्धी दुकानदारी चालते, आपण जवळपास लिहितो तसेच बोलतो, तेव्हा तो माल नाही. आणि सर्वांत मोठी अडचण विभक्तीची. 'षड्ज लावून वालीची बायको शाहू छत्रपतींच्या राजधानीत (३)' हे ऐकायला झकास आहे. सा अधिक तारा, सातारा. पण उत्तर 'सातारा' असेल तर क्लूमध्ये 'राजधानी' हवे, 'राजधानीत' नको. झिमेनीसने तो परत पाठवला असता. अराकॅरियाने कदाचित छापला असता.

पण जमते तेही थोडे नाही. इंग्रजीत विशेषनामाला मोठे अक्षर लागते आणि ते लपवायला कोडेकाराला कसरत करावी लागते. नागरीत मोठे अक्षरच नाही! आनंद, तारा, विजय, प्रकाश ही माणसे की वस्तू, हे वाक्य सांगेल तेवढेच. शिवाय आपल्या शास्त्रकारांनी श्लेषाचे दोन भाग आधीच करून ठेवले आहेत. 'लोकल थांबते तो जिना (३)' म्हणजे दादर, हा अभंग श्लेष. सा-तारा ही फोड म्हणजे सभंग श्लेष. 'बारच्या आत जा, की मंडई (३)' यात 'बार'च्या पोटात 'जा' घाला. 'नदी उलटी फिरली की गरीब (२)' यात दीन मिळतो, आणि तो दीर्घच मिळतो. ऱ्हस्व लिहिलात तर दिवस होईल आणि चौकट नापास करील. शुद्धलेखनाचा इतका गोड मास्तर दुसरा मिळायचा नाही. इथे वाढलेल्या आपल्या मुलांना ऱ्हस्व-दीर्घ शिकवताना आपण कसे कंटाळवाणे होतो ते आपणही जाणतोच. ज्या मुलाला 'नागपूर' शब्दात साप आणि महापूर आपणहून दिसले, ते त्या गावाचा 'पू' पुन्हा ऱ्हस्व लिहिणार नाही.

मराठीत पंधरा बाय पंधराची पूर्ण चौकट दर आठवड्याला भरणे कठीण जाईल, हे मला दिसते आहे. नऊ बाय नऊची महिन्यातून एकदा, कुठल्याही मंडळाच्या वार्तापत्रात, सहज निघेल. सुरुवातीला तीन क्लू इथेच ठेवतो. उत्तरे या स्मरणिकेत कुठेही छापलेली नाहीत. कार्यक्रमाच्या मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत भेटा, आणि येताना उत्तराबरोबर फोडही आणा.

'नको' म्हणतोस? अभ्यास कर! गोदाकाठचे गाव (३)

ठाण्याशेजारी निरोप द्या (३)

उलट्या लतेचाही सुटत नाही तो (२)