शंभर येनचं पुस्तक

फील्डवर्कला निघण्याआधी केन दोमोन यांचं 'चिकुहोची मुलं' (१९६०) एकदा बघाच. कोळशाची जागा तेल घेत होतं, क्यूशूतल्या खाणी बंद पडत होत्या. बेकार खाणकामगारांची मुलं या फोटोंत आहेत. दोमोननी पुस्तक मुद्दाम खरखरीत कागदावर छापून १०० येनला विकलं, सामान्य माणसाला परवडावं म्हणून. छपाईत बारकावे गेले, तरी मला हे पटतं. (आपले प्रबंध कोण वाचतं, विचारू नका!)

खटकतं ते वेगळंच. मुलांचे चेहरे बघून जीव तुटतो, पण खाण कुणी बंद केली, का केली, हे चेहरा सांगत नाही. दया येते, राग येत नाही. मुलाखतींतली रडवेली वाक्यं उचलून मीही एक प्रकरण असंच भरलं होतं. गाइडने वाचून एवढंच विचारलं, "यात मालक कुठे आहे?"