बाहेर पडणाऱ्यांचा इराण

इराणमधील १९७९च्या इस्लामी क्रांतीबद्दल आपण कुठे वाचले, असे मराठी वाचकाला विचारले की बहुधा एकच नाव पुढे येते : बेट्टी महमूदी यांचे ‘नॉट विदाउट माय डॉटर’. मूळ पुस्तक १९८७चे. नावडे-पनवेल भागातल्या कित्येक घरांत त्याच्या मराठी अनुवादाची शिवण उसवलेली प्रत मी पाहिली आहे. पुढे इंग्रजी वाचणाऱ्यांनी मर्जान सत्रापी यांची ‘पर्सेपोलिस’ ही चित्रकथा आणि आझर नफिसी यांचे ‘रीडिंग लोलिता इन तेहरान’ यांची भर घातली. या आठवणींच्या खरेपणाविषयी मला वाद घालायचा नाही. त्यांच्या आधारे आपल्याला क्रांतीनंतरचा इराण कळला असे आपण समजतो, हा माझा आक्षेप आहे.

या तिन्ही पुस्तकांची वाट एकाच दिशेने जाते. महमूदी १९८६ मध्ये मुलीला घेऊन डोंगर ओलांडून तुर्कस्तानात पोहोचतात. सत्रापी १९९४ मध्ये तेहरानच्या विमानतळावर कुटुंबाचा निरोप घेतात. नफिसी १९९७ मध्ये अमेरिकेस जातात. नायिकेची सुटका देशाबाहेर असली की तो देश आपोआप तुरुंगासारखा दिसू लागतो. तुरुंगात पहारेकरी आणि कैदी असतात. पक्ष, मतभेद, निवडणुका, संविधानावरचे वाद नसतात. तिघींत सत्रापींनाच याचे भान अधिक आहे. त्यांचा अनुश काका डावा असतो, शाहाच्या तुरुंगातून सुटतो आणि नव्या राजवटीत फाशी जातो. क्रांती केवळ मुल्लांनी केली नव्हती, डावे, उदारमतवादी आणि बाजारातले व्यापारीही तीत होते, हे त्या एका पात्रामुळे कळते. महमूदींच्या पुस्तकात मात्र सासर हेच सगळे राष्ट्र आहे.

या पुस्तकांबाहेर काय राहिले? मार्च १९७९च्या सार्वमतात लोकांपुढे प्रश्न एवढाच होता : इस्लामी प्रजासत्ताक हवे की नको. ९८ टक्क्यांहून अधिक मते ‘हवे’च्या बाजूने पडली, पण त्या प्रजासत्ताकाचे स्वरूप तेव्हा ठरलेले नव्हते. जूनमधल्या संविधानाच्या पहिल्या मसुद्यात ‘विलायत-ए-फकीह’, म्हणजे धर्मशास्त्रज्ञाच्या हाती सर्वोच्च सत्ता, हे तत्त्व नव्हते. ते नंतर तज्ज्ञसभेने घातले आणि डिसेंबरच्या सार्वमताने कायम झाले. तेव्हापासून तिथे एका घरात दोन मालक आहेत. अध्यक्ष आणि मजलिस लोक निवडतात. त्यांच्यावर सर्वोच्च नेता असतो. बारा सदस्यांचे पालक मंडळ कायदे तपासते आणि उमेदवारही गाळते. त्यातले सहा धर्मशास्त्रज्ञ नेता नेमतो.

पुढची चाळीसहून अधिक वर्षे या दोन मालकांच्या ओढाताणीची आहेत. पहिले अध्यक्ष बनीसद्र जानेवारी १९८०मध्ये प्रचंड मतांनी निवडून आले आणि जून १९८१मध्ये पदच्युत झाले. १९९७ मध्ये सुमारे ७० टक्के मते घेऊन मोहम्मद खातमी अध्यक्ष झाले. २००४च्या मजलिस निवडणुकीत पालक मंडळाने दोन हजारांहून अधिक उमेदवार बाद केले. २००९ मध्ये ‘माझे मत कुठे गेले’ असे विचारत लोक रस्त्यावर आले. त्या आंदोलनाचे एक नेते मीर हुसेन मुसवी हे इराण-इराक युद्धाच्या काळातले पंतप्रधान होते. २०२२ मध्ये महसा अमिनीच्या मृत्यूनंतर ‘स्त्री, जीवन, स्वातंत्र्य’ ही घोषणा गावोगावी गेली. हे सारे देशातच राहिलेल्यांनी केले.

अशांपैकी मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते आयातुल्ला हुसेन अली मोंतझेरी. विलायत-ए-फकीह संविधानात घालणाऱ्या तज्ज्ञसभेचे अध्यक्ष तेच. पुढे खोमेनींचे नियोजित वारसही तेच. १९८८ मध्ये हजारो राजकीय कैद्यांना फाशी दिली गेली तेव्हा त्यांनी पत्रे लिहून विरोध केला आणि मार्च १९८९मध्ये वारसपद गमावले. जूनमध्ये खोमेनी वारले, त्यांच्या जागी खामेनी आले, आणि नेता सर्वोच्च दर्जाचा धर्मपंडित असावा ही अटही त्याच वर्षी संविधानातून निघाली. नेत्याच्या अधिकारावर टीका केली म्हणून १९९७ पासून मोंतझेरींना पाच वर्षे नजरकैद झाली. २००९ मध्ये कोम शहरात निघालेली त्यांची अंत्ययात्रा सरकारविरोधी निदर्शनात बदलली. ज्याने चौकट उभारली त्यानेच आयुष्यभर तिच्याशी भांडावे, हे कथानक पळून जाण्याच्या गोष्टीत मावत नाही.

शिरीन इबादी यांचे ‘इराण अवेकनिंग’ (२००६) हे याच जातीचे पुस्तक आहे. क्रांतीपूर्वी न्यायाधीश असलेल्या या बाईंना क्रांतीनंतर त्यांच्याच न्यायालयात कारकुनी काम मिळाले. १९९२ मध्ये वकिलीचा परवाना मिळाल्यावर त्याच कायद्यांचा कीस पाडत त्या लढल्या. त्यांना देश सोडावा लागला तो नंतर, २००९ मध्ये. कायदा माणसाच्या घरात कसा शिरतो हे इथे दिसते, आणि त्याच्याशी आतून कसे झगडता येते हेही.

हा भेद केवळ साहित्यिक नाही. नावड्याशेजारी तळोज्यात कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. कोकणी मुसलमान बहुतांशी सुन्नी, शाफई परंपरेचे. विलायत-ए-फकीह हा शिया पंथातला आणि तिथेही वादग्रस्त असलेला विचार. मोठमोठ्या शिया पंडितांनी तो अमान्य केला आहे. तरीही महमूदींचे पुस्तक मिटल्यावर ‘त्यांच्यात असेच असते’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. तेहरानच्या संविधानाचा हिशेब तळोज्यातल्या शेजाऱ्याकडे मागणे हे अपुऱ्या वाचनाचे फळ आहे. मुसलमान समाजातल्या स्त्रियांचे प्रश्न त्यामुळे सुटत नाहीत. ते प्रश्न इथल्या भाषेत, इथल्या कायद्यापुढे मांडावे लागतात. मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला तो असाच; इराणी क्रांतीला तेव्हा तेरा वर्षे अवकाश होता.

मोंतझेरींच्या आठवणी फारसीत आहेत. फारसी आपल्याला परकी नाही. गणेश हरी खरे आणि सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधने मराठीत आणली म्हणून शिवकाळ आणि मुघलकाळ आपण दोन्ही बाजूंनी वाचू शकलो. ती परंपरा अठराव्या शतकाच्या वेशीवर थांबू नये. सुटून गेलेल्यांचा इराण मराठीत आला. राहिलेल्यांचाही यायला हवा.