परागंदा पूर्वज रचण्याची कला

कथा-कादंबरीत अस्तित्वात नसलेला एखादा समाज उभा करायचा, त्याची मूळ भूमी सुटली असे ठरवायचे आणि त्यानंतरच्या पिढ्यांचा इतिहास, म्हणजे वंशावळी, वाटेतले मुक्काम, कुलदैवते, सोयरिकीचे नियम, गाणी आणि भाऊबंदकीचे तंटे, लेखकाने स्वतः रचायचा, ही साहित्यातील एक स्वतंत्र कला आहे. तिला येथे ‘कल्पित समाजेतिहास’ म्हटले आहे. ऐतिहासिक कादंबरीशी तिची गल्लत करू नये. ऐतिहासिक कादंबरीकाराला बखर, सनदा आणि पत्रव्यवहार यांचा आधार असतो आणि त्यांचा धाकही असतो. कल्पित समाजेतिहासाच्या लेखकाला मात्र बखरही स्वतःच लिहावी लागते, आणि ती खरी वाटावी म्हणून बखरकाराचा अभिमान, त्याच्या चुका आणि त्याने झाकलेल्या गोष्टी यांचीही योजना करावी लागते. मराठीत पहिला प्रकार भरघोस पिकला, दुसरा जवळजवळ पडीक राहिला. मराठी लेखकाची कल्पनाशक्ती तोकडी असल्यामुळे हे झाले असे म्हणता येत नाही. स्थलांतराच्या ज्या कथा महाराष्ट्रातील समाज पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, त्यांच्याकडे वाङ्मयीन रचना म्हणून पाहण्याची सवय आपल्या लेखनाला लागली नाही, हे त्याचे खरे कारण दिसते.

ही सवय लावून घ्यायची तर भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील एकोडी आणि त्याभोवतीचा वैनगंगेचा प्रदेश यांच्याइतकी समृद्ध पाठशाळा क्वचितच सापडेल. झाडीपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात गोंड, हलबा, कोहळी, पोवार, कुणबी, ढिवर असे अनेक समाज शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यांपैकी काहींजवळ ‘आम्ही येथे कसे आलो’ याची स्वतंत्र, बांधेसूद कथा आहे. या कथा एकमेकींशी जुळत नाहीत, किंबहुना एकीत ज्याला प्रारंभ म्हटले आहे तो दुसरीत बराच उत्तरार्ध ठरतो, आणि लेखकाच्या दृष्टीने त्यांचे मोल नेमके या न जुळण्यात आहे.

पोवारांची कथा या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे. भंडारा, गोंदिया, बालाघाट आणि सिवनी या जिल्ह्यांत पसरलेला हा शेतकरी समाज आपले मूळ माळव्यातील धारानगरीत, परमार राजा भोजाच्या वंशात सांगतो. धार सुटली, मग रामटेकजवळच्या नगरधनला मुक्काम पडला आणि तेथून पुढे वैनगंगेचे खोरे गाठले, असा या कथेतला मार्ग आहे. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 मध्ये मध्य प्रांतातील जातीजमातींचा जो चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या परंपरेची नोंद आहे आणि नागपूरकर भोसल्यांच्या कटकच्या स्वारीत केलेल्या मदतीबद्दल पोवारांना वैनगंगेकाठी जमिनी मिळाल्याचीही नोंद आहे. या समाजाची बहिर्विवाही कुळे छत्तीस मानली जातात आणि त्यांना ‘कुर’ म्हणतात. बहिर्विवाही म्हणजे ज्याच्या आत सोयरीक होत नाही असे कुळ. पटले, टेंभरे, बिसेन, रहांगडाले, कटरे, बोपचे, तुरकर, हरिणखेडे ही आडनावे आजही या पट्ट्यातल्या कोणत्याही लग्नपत्रिकेत भेटतात.

आता या कथेला बाहेरचे पुरावे लावून पाहावेत. माळव्याच्या परमारांचा नागपूर प्रदेशाशी संबंध होता हे परमार राजा नरवर्म्याच्या काळच्या, इ. स. 1104च्या सुमाराच्या, नागपूर येथील शिलालेखावरून दिसते; म्हणजे धार आणि वैनगंगा यांच्यातली वाट पूर्णतः मनाने निर्माण केलेली नाही. परंतु ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात पोवारी बोली माळवीच्या घरात बसत नाही, ती पूर्व हिंदीच्या बघेली शाखेजवळ ठेवलेली आहे. शिवाय देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या राज्यात बाहेरून कसबी शेतकरी आणि कारागीर आणून वसवले, हे नागपूरच्या इतिहासात प्रसिद्ध आहे, आणि पोवारांच्या आगमनाचा काळही पुष्कळदा याच सुमाराला लावला जातो. अशा रीतीने परंपरा राज्य गमावल्याचे सांगते, राजकीय इतिहास जमिनीच्या आमंत्रणाचे सांगतो आणि बोली तिसऱ्याच दिशेला, बघेलखंडाकडे, बोट दाखवते. इतिहासकाराला यांतून निवाडा करावा लागतो. कादंबरीकाराने तसा निवाडा करू नये. या तीन साक्षींमध्ये जी फट राहते तिच्यातच त्या समाजाचे मन वसते, कारण कसायला जमीन मिळाली म्हणून आलेल्या माणसाला आपण सिंहासन गमावून आलो असे का वाटावे, हा प्रश्न कोणत्याही लढाईच्या वर्णनापेक्षा खोल जाणारा आहे.

कोहळ्यांची कथा याच्या उलट बाजूची आहे. तिच्यात राज्य हरवलेले नाही; चांद्याचा गोंड राजा काशीयात्रेहून परतताना तलाव बांधणाऱ्या या लोकांना बरोबर घेऊन आला, असे ती सांगते. या समाजाने भंडारा आणि चंद्रपूर भागात बांधलेले तलाव आजही धानाला पाणी देतात, मालगुजारी गेल्यावर ‘माजी मालगुजारी’ या नावाचे लघुरूप होऊन ते ‘मामा तलाव’ झाले, आणि नवेगावबांधच्या तलावाचे श्रेय परंपरेने कोलू पाटील कोहळी यांना दिले जाते. या कथेतून कल्पित समाजेतिहासाने घ्यायचा धडा असा की परागंदा समाजाची ओळख त्याच्या हाताला लागलेल्या कसबातही टिकते. तलावाची पाळ कोठे घालायची, उतार कसा पाहायचा, पाण्याची पाळी कोणाची आधी आणि कोणाची नंतर, या ज्ञानाची परंपरा वंशावळीपेक्षा कमी चिवट नसते.

हेच सूत्र कोकणात अधिक स्पष्ट दिसते. बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले आणि त्यांतली सात जोडपी वाचली. धर्मग्रंथ समुद्रात गेले, भाषा विसरली गेली, तरी तेलाचा घाणा चालवणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवत आणि म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. सात जोडप्यांचा आकडा पुराणकथेच्या घाटाचा आहे; शनिवारी थांबलेला घाणा मात्र कोणत्याही लेखकाला हेवा वाटावा असा तपशील आहे, कारण त्यात स्मृती उरलेली नाही, केवळ आचार उरला आहे, आणि शेजाऱ्यांनी दिलेल्या नावामुळे तो नोंदला गेला आहे.

गोंडांच्या उत्पत्तिकथेत भूमी सुटण्याचा प्रकार वेगळा आहे. महादेवाने गोंडांना गुहेत कोंडले आणि लिंगोने त्यांची सुटका करून त्यांना कुळे, देव आणि आचार दिले, असे तिच्या एका पाठात येते. नागपूरला राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ही कथा सांगणारे गीत एका परधानाकडून, म्हणजे गोंडांच्या वंशपरंपरागत गायकाकडून, उतरवून घेतले होते. हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर 1866 मध्ये प्रशासक रिचर्ड टेंपल यांनी त्यांची टिपणे प्रसिद्ध केली. गायकाकडून मिशनऱ्याकडे आणि मिशनऱ्याकडून प्रशासकाकडे जाताना त्या गीताचा प्रसंग, श्रोते आणि वाद्य गळून पडले आणि कागदावर गोष्ट तेवढी राहिली. पुढे मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या गोंडी अभ्यासकांनी या परंपरेची मांडणी गोंडांच्या स्वतःच्या दृष्टीतून केली, आणि गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यातल्या कचारगड गुहेकडे माघ पौर्णिमेला भरणाऱ्या यात्रेत आज निरनिराळ्या राज्यांतून गोंड समाज जमतो. ज्या कथेला एकोणिसाव्या शतकातल्या वाचकाने कुतूहलाची वस्तू मानले, ती एका समाजाची जिवंत श्रद्धा आणि राजकीय आत्मभान यांचा आधार आहे. म्हणून असा ऐवज उचलून, नावे बदलून आपल्या कादंबरीतल्या कल्पित समाजाला चिकटवणे हे कलेच्या दृष्टीने आळशीपणाचे आणि नीतीच्या दृष्टीने अपहाराचे ठरते. घ्यायचा तो घाट घ्यावा, ऐवज नव्हे.

पोवारांची आणि गोंडांची कथा शेजारी ठेवली की या कलेतली सर्वांत मोठी उणीव लक्षात येते. बाहेरून आलेल्या समाजाच्या कथेत नवी भूमी बहुधा रिकामी असते: घनदाट जंगल होते, वाघ होते, पूर्वजांनी झाडे तोडून बांध्या काढल्या आणि धानाची रोवणी सुरू केली. त्या जंगलात आधीपासून कोणी राहत होते, त्यांचे देव त्या झाडांखाली होते आणि त्यांच्या राजाच्या परवानगीने किंवा त्याच्या पतनानंतर ही वस्ती झाली, हे सांगण्याची गरज आलेल्यांच्या स्मृतीला भासत नाही. लेखक जेव्हा हाच साचा भाबडेपणाने उचलतो, तेव्हा त्याचा कल्पित समाज केवळ सोसणारा, निरपराध आणि त्यामुळे सपाट होतो.

या कसोटीवर मराठी कथात्म साहित्याचे चित्र मिश्र आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) दुष्काळामुळे धनगरांची वस्ती उठते, समाजाचे विखुरणे इतक्या संयमाने क्वचितच लिहिले गेले असेल, पण कथा विखुरण्यापाशीच थांबते, आणि परागंदा झालेल्यांनी पुढे आपल्या वाडीची कोणती कथा रचली असेल हा भाग वाचकाकडेच राहतो. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ला (1991) धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा दस्तऐवजी आधार आहे, तिचे बळ वर्तमानातल्या अन्यायाच्या तपशिलात आहे आणि स्मृतीची दुसरी-तिसरी पिढी तिच्या कक्षेत येत नाही. जी. ए. कुलकर्णी यांनी ‘रमलखुणा’तील (1975) ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथांत पूर्णपणे कल्पित भूमी निर्माण केल्या, त्यांना स्वतःची हवा आणि स्वतःचे क्रौर्य दिले. परंतु त्यांचा प्रवासी मुळातच एकटा आहे, त्याला गोत नाही, आणि एकट्या माणसाच्या नियतीत समाजाचा इतिहास मावत नाही. या कलेच्या सर्वांत जवळ भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू’ (2010) येते. तिचा नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे, आणि जातीजमातींच्या कथा, वहिवाटी, म्हणी व अफवा यांचे थरावर थर उपसत ती चालते. असे असले तरी तिचा ऐवज उपलब्ध समाजांचा आहे. आहे ती अडगळ ती तपासते, नवी निर्माण करणे हे तिचे उद्दिष्टच नाही.

जागतिक साहित्यात या कलेचे उदाहरण दोन हजार वर्षे जुने आहे. व्हर्जिलने ‘इनीड’मध्ये रोमन लोकांना ट्रॉयच्या जळत्या नगरातून निघालेल्या परागंदांचे वंशज ठरवले, आणि त्याच्या थोरवीची खूण अशी की त्याने लॅटियमची भूमी रिकामी दाखवली नाही. तेथे लॅटिन लोक आहेत, त्यांच्याशी युद्ध होते, आणि शेवटाकडे जूनो देवी अशी अट मान्य करून घेते की आलेल्यांनी आपले नाव, भाषा आणि वेश सोडून लॅटिनांत मिसळून जावे. विजेत्याची भाषा हरते, हे इतक्या मोकळेपणाने मान्य करणारे राष्ट्रकाव्य विरळाच. विसाव्या शतकात टॉल्किनने, त्याच्या मृत्यूनंतर 1977 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिल्मरिलियन’मध्ये, नोल्डोर या कल्पित जनांना आपल्याच शपथेमुळे आणि आप्तांच्या हत्येमुळे पुण्यभूमीला मुकवले, त्यांच्या प्रत्येक विलापगीताला त्या अपराधाची किनार राहते. अर्सुला ले ग्विनने ‘ऑल्वेज कमिंग होम’मध्ये (1985) केश या कल्पित लोकांची पाककृती, नकाशे, गाणी आणि कहाण्या यांचा संग्रहच दिला. केश परागंदा नाहीत, तरी कथानकाला दुय्यम ठेवून समाज उभा करता येतो याचा तो पुरावा आहे.

मराठीत हे करायचे तर निवेदकाचा प्रश्न आधी सोडवावा लागेल, आणि त्यासाठी परदेशी नमुन्यांकडे धावण्याचे कारण नाही. दक्षिण महाराष्ट्रात घराण्यांच्या वंशावळी तोंडपाठ सांगणारे हेळवी, पोथ्यांत कुळांच्या नोंदी ठेवणारे भाट, गोंडांचे परधान हे सर्व व्यावसायिक इतिहासकथक आहेत: त्यांना यजमान असतो, यजमानाच्या मर्जीवर त्यांचे दान अवलंबून असते, आणि म्हणून कोणते पूर्वज ठळक करायचे व कोणते वगळायचे याचा व्यवहार त्यांच्या कथनात मुरलेला असतो. कल्पित समाजाचा इतिहास अशा कथकाच्या तोंडून आला तर लेखकाला खोटेपणा लपवावा लागत नाही. कोण सांगतो, कोणाच्या ओसरीवर आणि कोणत्या मोबदल्यात, हे दिसत राहिल्याने तो खोटेपणाच आशय बनतो. झाडीपट्टीत दंडार आणि खडी गंमत यांसारखे लोकप्रयोग आहेत, वडसा-देसाईगंजला केंद्र असलेली आणि हंगामात रात्ररात्र चालणारी नाटकांची रंगभूमी आहे, आणि साकोलीचे हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीच्या शब्दांचे व वाङ्मयाचे संकलन केलेले आहे. बोली, कथक आणि श्रोता हे तिन्ही घटक येथे तयार आहेत. पोवारीतही आता आवर्जून लेखन होऊ लागले आहे. तथापि या लेखनाचा मोठा भाग गौरवाकडे झुकतो. पूर्वजांना उजळवण्याच्या ओढीत वर सांगितलेली फट बुजवली जाते, आणि ती बुजली की कथेला स्मरणिकेतल्या लेखाचे रूप येते. गौरवाची भूक समजण्याजोगी आहे, कारण ज्या समाजांना दीर्घकाळ इतरांनीच लिहिले त्यांनी स्वतःविषयी प्रथम आदराने लिहावे हे स्वाभाविक आहे. परंतु कादंबरीने तेथे थांबणे तिच्या हिताचे नाही.

याच प्रदेशात एक वसाहत अशी आहे की जिच्यात ही सारी प्रक्रिया आज प्रत्यक्ष चालू आहे. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत भंडाऱ्यातच मोडणाऱ्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगड-गोठणगाव परिसरात, 1972 पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग ही वसाहत आहे. तेथे जन्मलेल्यांनी तिबेट पाहिलेला नाही, आणि आजूबाजूला गोंड, कोहळी व पोवार अशा, आपापल्या आगमनाच्या कथा सांगणाऱ्या समाजांची गावे आहेत. न पाहिलेली भूमी मुलांना कशी सांगायची हा तेथील कुटुंबांपुढचा रोजचा प्रश्न आहे. ज्या लेखकाला कल्पित परागंदा समाज रचायचा आहे, त्याने या वसाहतीची कथा उचलू नये. तिचा शेजार मात्र अभ्यासावा, आणि आपल्या कल्पित लोकांच्या बखरीत एक प्रकरण त्यांच्या शेजाऱ्यांच्या हातचे ठेवावे.